नागव्वाच्या गावात तिची फिल्म

सोलापूर ते मंगळवेढा हा काही प्रवासवर्णन लिहिण्याजोगा रस्ता नाही, असं परत आल्यावर मला पुण्यातल्या मैत्रिणींनी सांगितलं. त्यांचं बरोबर आहे. वाटेत घाट नाही, धबधबा नाही, गाडी थांबवून बघत राहावं असं फारसं काही नाही. पण मी तिथं काही बघायला गेले नव्हते. तिथल्या माणसांना काहीतरी दाखवायला गेले होते, आणि ते कसं झालं हे कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटतं.

मी पुण्यात एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि उरलेल्या वेळात एका लहानशा फिल्म मंडळाचं काम बघते. मुंबईतल्या एका परदेशी वाचनालयाकडून आम्ही फिल्मा मागवतो, दाखवतो आणि परत पाठवतो. या हिवाळ्यात आलेल्या डब्यांत एक माहितीपट होता, बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडे येऊन काही परदेशी माणसांनी काढलेला. त्यात खडी फोडणारी एक बाई आहे. मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी. तिचा चेहरा पडदाभर दिसतो आणि ती कॅमेऱ्याकडे बघून बराच वेळ बोलते. पण तिचं बोलणं ऐकू येत नाही, कारण त्यावर एका पुरुषाचा जड इंग्रजी आवाज चालू असतो. तो सांगतो, ही आई आपल्याकडे अन्नाची भीक मागते आहे. पुढं म्हणतो, ही मुलगी पावसापर्यंत जगली नाही.

चित्राच्या सुरुवातीला एक मैलाचा दगड दिसतो. त्यावर मंगळवेढा असं लिहिलेलं आहे. पुण्यात दाखवून झाल्यावर हाच माहितीपट सोलापूरच्या मंडळाला हवा होता, आणि मला सुट्टी होती, म्हणून डबे घेऊन मीच निघाले.

सोलापूर

स्टेशनवर राजेशम आला होता. तो तिथलं फिल्म मंडळ चालवतो. घरचा विणकर, तेलुगू बोलणारा, आणि पोटासाठी गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट. त्यानं डबे सायकलच्या कॅरियरला बांधले आणि आम्ही बोलत चालत त्याच्या घरी गेलो.

त्याच्या गल्लीत शिरल्यावर बोलणं थांबवावंच लागलं. प्रत्येक घरातून मागांची खडखड. रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडी बांबूंवर वाळत घातलेल्या. त्यांतल्या एकीखालून जाताना माझ्या पांढऱ्या साडीच्या खांद्यावर लाल रंगाचा ओघळ उतरला. राजेशमच्या आईनं तो बघितला आणि तेलुगूत काहीतरी म्हटलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, हा रंग जाणार नाही. आमचा रंग पक्का असतो." राजेशम जरा अभिमानानं म्हणाला.

जेवायला कडक भाकरी होती. आमच्याकडे भाकरी गार झाली की तिची किंमत गेली. इथं ती मुद्दाम वाळवून पापडासारखी करतात आणि मुठीनं फोडतात. सोबत शेंगांची चटणी आणि वर घट्ट दही. मी बरीच खाल्ली. माझी पानावरची गती बघून आईंनी न विचारता आणखी एक भाकरी फोडली.

दुपारी एका वाचनालयाच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावून माहितीपट दाखवला. पंधरा-वीस माणसं असतील. संपल्यावर नेहमीसारखी चर्चा झाली, छायाचित्रण उत्तम आहे वगैरे. सगळे गेल्यावर रीळ गुंडाळताना राजेशम म्हणाला,

"ताई, ती बाई कन्नड बोलतेय."

"काय बोलते ते कळलं तुम्हाला?"

"तो माणूस कळू देतो कुठं? मध्ये एकदा त्यानं श्वास घेतला, तेवढ्यात 'ऊट' असं काहीतरी कानावर आलं. ऊट म्हणजे जेवण. बाजारापुरतं कन्नड येतं मला, तेवढ्यावर सांगतो."

"मग बरोबरच आहे की. ती जेवण मागते असंच तो म्हणतो."

"असेल. पण त्याला तरी कन्नड कुठं येत होतं?"

मग तो मागच्या वर्षी आम्ही दोघांनी मुंबईत पाहिलेल्या एका आफ्रिकी चित्रपटाबद्दल बोलायला लागला. तिथल्याच माणसानं काढलेला होता तो. त्यात एक म्हातारी आपल्या भाषेत बोलत होती आणि खाली अक्षरांत तिचं बोलणं लिहून येत होतं. "म्हणजे आधी कुणीतरी तिचं ऐकून घेतलं होतं," राजेशम म्हणाला. "आपण इतक्या चर्चा करतो, गोरे लोक आपल्याला कसं दाखवतात म्हणून. पण ही बाई हितनं दोन-तीन तासांवर राहते. तिला जाऊन कोण विचारणार?"

त्यानं प्रोजेक्टर चादरीत बांधायला घेतला. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

मंगळवेढ्याकडे

एसटीच्या कंडक्टरनं डब्यांत फिल्म आहे हे कळल्यावर आधी चढूच दिलं नाही. फिल्म आपोआप पेटते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. राजेशमनं त्याला ही तसली नव्हे हे बराच वेळ समजावलं. शेवटी डबे ड्रायव्हरच्या मागं, कोंबड्यांच्या एका डालीशेजारी ठेवायला परवानगी मिळाली. प्रोजेक्टर मात्र मांडीवरच घ्यावा लागला.

भीमेचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी ज्वारी सुरू झाली. मी इतकी ज्वारी एका जागी कधी पाहिली नव्हती. सपाट काळं रान, त्यात झाड असं दिसतच नाही, आणि छातीएवढं पीक थेट आभाळापर्यंत. कणसं भरत आलेली. माहितीपटात हाच भाग दाखवताना तो माणूस म्हणाला होता की या जमिनीत कधीच काही उगवत नाही. मी खिडकीबाहेर बघत होते आणि ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं.

मंगळवेढ्याला उतरून आम्ही चहाच्या दुकानात चौकशी केली. चित्रात खडीच्या ढिगामागं एक टेकाड दिसतं आणि त्यावर चुन्यानं रंगवलेला लहानसा दर्गा. दुकानदारानं तेवढ्यावर गाव ओळखलं. दक्षिणेकडं, हद्दीच्या अंगाला. "तितली मानसं घरात कानडी बोलत्यात, भाईर मराठी," तो म्हणाला. पुढची गाडी दुपारी होती, पण त्या बाजूला कडब्याची रिकामी बैलगाडी चालली होती. गाडीवानानं प्रोजेक्टर बघून आम्हाला शिवणयंत्र विकणारे समजून बसवून घेतलं.

गाव

गावात पोचल्यावर शाळेपाशी काही बाया शेंगा निवडत बसल्या होत्या. राजेशमनं त्यांना चित्रातली बाई सांगितली. कपाळावर गोंदण, हनुवटीवर व्रण, मांडीवर मुलगी. बायांचे हात थांबले. त्यांतली एक पोक्त बाई, सगळे तिला शांताक्का म्हणत होते, आमच्याकडं नीट बघून म्हणाली,

"नागव्वा व्हय? ती न्हाई आता."

"कुठं गेली?"

"वारली की. दोन वरसं झाली. कावीळ झाली हुती."

दुष्काळात नाही. दुष्काळ तिनं काढला. खडी फोडली, सरकारी सुकडी खाल्ली, मुलगी जगवली. पाऊस आला, रान पिकलं, आणि भरल्या सुगीत ती गेली. हे शांताक्कानं शेंगा निवडता निवडता सांगितलं.

मग तिनं हाक मारून एका मुलीला बोलावलं. आठ-नऊ वर्षांची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. "ही तिची गौरव्वा," शांताक्का म्हणाली.

मी त्या मुलीकडं बघत राहिले. पावसापर्यंत जगली नाही असं ज्या मुलीबद्दल मी दोनदा ऐकलं होतं, ती शेंग फोडून दाणे तोंडात टाकत माझ्यासमोर उभी होती. राजेशमनं माझ्याकडं बघितलं.

नागव्वाचा नवरा मल्लाप्पा रानात होता. आम्ही तिकडं गेलो. उंच, वाळका माणूस, बोलायला सावकाश. कशासाठी आलो हे ऐकल्यावर त्यानं आम्हाला बांधावर बसवलं आणि आधी हुरडा भाजायला घेतला. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसली, ती काढून तळहातावर चोळली, आणि हिरवे गरम दाणे आमच्या ओंजळीत घातले. सोबत मीठ-लसणाची चटणी.

"तुमी दाखवनार म्हंजे ती हलताना दिसंल?" त्यानं विचारलं.

"हो. बोलताना पण दिसते."

तो बराच वेळ आरावर राख सारत राहिला. मग म्हणाला, "आमच्यापाशी तिचा फोटू न्हाई. लग्नात बी काडला न्हवता. पोरगी इचारती, आई कशी हुती म्हून. म्या काय सांगू? मला तरी आता चेहरा धड कुटं आटवतो."

मला गप्प बसणं जमेना. "मल्लाप्पा, त्या सिनेमात एक खोटं आहे," मी म्हटलं. "त्यात एक साहेब इंग्रजीत बोलतो. तो सांगतो की गौरव्वा दुष्काळात गेली."

त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, त्याला नीट समजलं नाही असं वाटलं. "गेली म्हंजे?"

"वारली, असं."

"कुनी सांगितलं त्याला?"

"माहीत नाही."

"इचारलं बी न्हाई पुना येऊन," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा कणसं चोळायला लागला. "दाखवा. ती दिसंल की. बाकीचं बगू."

शाळेची भिंत

दिवस मावळला तसं अख्खं गाव शाळेपुढं जमलं. पडदा नव्हता. भिंतीला नुकताच चुना दिला होता, तीच धरली. वीज पिठाच्या गिरणीवरून लांब वायरीनं आणली. गिरणीवाला मधूनच दळण चालू करी, तेव्हा चित्र अंधारून जाई आणि आवाज रेंगाळे. दोनदा असं झाल्यावर शांताक्का उठून त्याला गप्प करून आली.

सुरुवातीला सगळे खूश होते. मैलाचा दगड दिसला, दर्गा दिसला, मग खडीवरची माणसं. "ती बग तुजी सासू," "त्यो बग दाऱ्या, कसा वाळला हुता." आपलीच हाडं मोजता येतील अशी चित्रं होती ती, पण लोक एकमेकांना ओळखून हसत होते. माझ्याशेजारी बसलेली एक बाई म्हणाली, "तवा आमाला हसू नगा म्हनला हुता. त्याच्यासंगट मुंबईचा एक जन हुता, त्यो सांगायचा, साहेब म्हनतोय हसू नगा. आमी लई हसायचो, म्हून."

मग नागव्वा आली.

सगळे थांबले. गिरणीकडचं कुत्रं तेवढं भुंकत होतं. भिंतभर तिचा चेहरा, कपाळावर गोंदण, आणि ती बोलत होती. इंग्रजी आवाज वरून चालू होता. मल्लाप्पा अगदी पुढं मातीत बसला होता. त्याची मला फक्त पाठ दिसत होती.

"काय म्हनतोय त्यो?" शांताक्कानं मोठ्यानं विचारलं. प्रश्न मला होता. पण मल्लाप्पानंच मान न वळवता उत्तर दिलं.

"आपली गौरव्वा मेली म्हनतोय."

शांताक्कानं मुलीला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग दबक्या आवाजात विचारलं, "आन नागव्वाला काय म्हनला?"

"तिचं नाव बी घेतलं न्हाई."

तेवढ्यात तो क्षण आला. इंग्रजी आवाज वाक्यांच्या मध्ये थांबला आणि नागव्वाचा आवाज बाहेर आला. जाडसर, जरा बसलेला. दोन-तीन शब्द, आणि पुन्हा साहेब सुरू झाला. मल्लाप्पा गुडघ्यांवर उठला.

"मागं घ्या," तो म्हणाला. "परत लावा."

राजेशमनं रीळ मागं घेतलं. पुन्हा ते शब्द आले. या वेळी मलाही ऐकू आले. "ऊट आतेन्री, अण्णा?"

लोकांत हालचाल झाली. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"जेवण मागते का हो?" मी शांताक्काला विचारलं.

"मागतीया कुटं? त्याला इचारतीया, जेवलास का, दादा, म्हून." तिनं पदर तोंडाशी धरला. "त्यो गोरा उनात दिसभर हुबा हुता. लाल झाला हुता निस्ता. तिला कुनी बी दिसलं की पैलं हेच इचारायची."

पुण्यात मी ज्या वाक्यावर तासभर चर्चा ऐकली होती, ते वाक्य असं होतं.

मल्लाप्पानं राजेशमला विचारलं, "बाकीचं काय बोलतीया? त्या साहेबाला गप करता येतं का?"

राजेशमनं सांगितलं की दोन्ही आवाज एकाच पट्टीत आहेत. एक बंद केला की दुसराही जातो. त्यानं आवाजाचं बटण पिळून दाखवलंही. साहेब गेला आणि नागव्वाही गेली, भिंतीवर नुसते ओठ हलत राहिले. मल्लाप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग. असू दे त्यो बी."

तेव्हा गौरव्वा शांताक्काच्या मांडीवरून उठली. भिंतीखाली आवाजाची पेटी होती, तिच्याजवळ गेली आणि पेटीच्या कापडाला कान लावून बसली. राजेशमनं तो तुकडा पुन्हा लावला. तिनं एका हातानं दुसरा कान दाबून धरला होता. वर भिंतीवर तिची आई, तिच्या मांडीवर ती स्वतः, आणि खाली ती डोळे मिटून ऐकते आहे. साहेब आपल्या जड आवाजात तिच्या मरणाचं सांगत होता. तिनं मान हलवून पुन्हा लाव म्हणून खुणावलं. राजेशमनं लावलं. असं किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. गावातलं कुणी उठलं नाही. गिरणीवाल्यानं निरोप पाठवला की वायर काढायची आहे, तेव्हा थांबलो.

"काय म्हनली आई?" शांताक्कानं विचारलं.

गौरव्वा बापापाशी गेली आणि त्याचा सदरा धरून उभी राहिली.

सकाळ

सकाळी आम्ही शांताक्काच्या ओसरीवर चहा घेत होतो, मल्लाप्पाही गौरव्वाला घेऊन आला होता. राजेशम रात्री फारसा झोपला नसावा. त्यानं खिशातून लहान कात्री काढून मल्लाप्पापुढं ठेवली.

"एक हातभर तुकडा कापून देतो," तो म्हणाला. "उन्हात धरलात की दिसेल. फिल्म परत द्यायची आहे, त्यांना कळेलही कदाचित. कळू दे. ताईंचं आणि माझं बोलणं झालंय."

ते खरं होतं. वाचनालयानं आमच्या मंडळाला फिल्मा देणं बंद केलं असतं, तरी मी हो म्हटलं होतं.

राजेशमनं रीळ उलगडून तो भाग उजेडात धरला. मल्लाप्पानं डोळा जवळ नेला. लहान लहान चौकटींत एकाखाली एक, नखाएवढी नागव्वा. तो खूप वेळ बघत होता. गौरव्वालाही उचलून दाखवलं.

मग तो म्हणाला, "नगा तोडू."

"अहो, ही पुन्हा हाती येणार नाही. फिल्म मुंबईला जाईल, तिथनं कुठंही जाईल."

"जाऊ दे की. हितं तोडली तर फुडं कुनाला दिसनार न्हाई ती. तितल्या लोकास्नी इचारू दे, जेवला का म्हून." मग तो माझ्याकडं वळला. "बाई, तुमास्नी त्येंची भाषा येती. येवडं सांगा त्येंना. पोरगी हाय म्हनावं. आन आईचं नाव नागव्वा. येवडंच."

मी सांगते म्हटलं.

निघताना त्यानं हुरड्याची कणसं फडक्यात बांधून दिली. गौरव्वा तोवर शाळेत गेली होती. तिचा निरोप घेता आला नाही.

मुंबई, आणि नंतर

डबे परत द्यायला मी स्वतः गेले. वाचनालयाच्या फिल्म विभागातल्या परदेशी गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं, आणि मला खरंच वाटलं की त्यांना वाईट वाटलं. ते म्हणाले, माहितीपट आमच्या देशात तयार झाला, इथं त्यात काही बदलता येत नाही. बनवणाऱ्यांचा पत्ता त्यांनी शोधून दिला. तोवर मी टेबलाशी बसून इंग्रजीत एक कागद लिहिला. मुलगी जिवंत आहे, तिचं नाव गौरव्वा. आईचं नाव नागव्वा, ती दुष्काळानंतर काविळीनं गेली. या प्रसंगात ती अन्न मागत नसून छायाचित्रकाराला जेवलात का असं विचारते आहे. हा कागद कार्यक्रमाआधी वाचून दाखवावा. त्यांनी तो माझ्यादेखत डब्यात ठेवला.

बनवणाऱ्यांना दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. राजेशमनं सोलापुरात आणि मी पुण्यात, जे कोणी ऐकतील त्यांना सांगितलं. मल्लाप्पाला मी तेवढं कळवलं.

उन्हाळ्यात कोल्हापूरच्या मंडळानं तोच माहितीपट मागवला. तिथं माझी एक जुनी मैत्रीण आहे. कार्यक्रम होऊन गेल्यावर मला कळलं, म्हणून मी तिला विचारलं, सुरुवातीला कागद वाचला का? ती म्हणाली, कसला कागद? डब्यात रिळाशिवाय काही नव्हतं.

"पण फिल्म फार परिणाम करून गेली गं," ती म्हणाली. "ती मुलगी गेल्याचं तो सांगतो ना, तेव्हा कितीजणी रडत होत्या. मी पण."

मी विचारलं, "आणि तिची आई?"

"आई?" ती जरा आठवून म्हणाली. "ती जेवण मागते, एवढंच. बाकी तिचं काही सांगत नाही ना त्यात."